नाही तरी म्हणा!

नोकरी मिळत नाही, ही तक्रार आपल्याकडे इतकी जुनी आहे की तिच्यावर नव्याने लिहिण्याजोगे काही उरले असेल असे मला वाटत नव्हते. बेकार तरुण, आशेवर जगणारी त्याची आई आणि वशिल्याच्या उमेदवाराला घेणारा साहेब या त्रिकुटाने तर कित्येक दिवाळी अंकांची पाने भरून काढली आहेत. पण गेल्या दोन वर्षांत एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. तक्रार तीच असली तरी दुखणे बदलले आहे. पूर्वी उमेदवाराला नकार मिळत असे. हल्ली तोही मिळत नाही.

आता नकार हा काय मिळवायचा पदार्थ आहे, असे कोणी विचारील. विचारणाऱ्याने माझी लोखंडी पेटी उघडून पाहावी. तीत १९७९ ते १९८१ या काळात मला आलेल्या नकारांचे पुडके आहे. एकूण ११ नग. दोन बँका, एक विमा कंपनी, एक औषधांची कंपनी, गिरण्या, आणि असेच काहीबाही. बहुतेक सायक्लोस्टाइल केलेले; नाव तेवढे शाईने भरलेले. मजकूर ठरलेला. आपण अर्ज केलात याबद्दल आभार, आपला विचार करता येत नाही याचा खेद वाटतो, पुढील वाटचालीस शुभेच्छा. त्या खेदात खेद किती आणि शाई किती, कोण जाणे. पण पत्र आले की वडील चष्मा लावून ते दोनदा वाचत, घडी करून माझ्या हातात देत आणि म्हणत, "बरं, हे दार लागलं. उद्या सकाळी दुसरीकडे जा." दार लागले आहे हे कळणे ही केवढी सोय होती, ते मला चाळीस वर्षांनी माझ्या भाचीमुळे समजले.

माझी धाकटी बहीण कन्हानला दिली आहे. नागपुरापासून वीसेक किलोमीटरांवर, कामठीची छावणी मागे टाकून नदीवरचा पूल ओलांडला की कन्हान लागते. आम्ही नागपूरकर या नदीचे पाणी पितो, पण गाव मात्र रामटेकला जाता-येता गाडीच्या खिडकीतूनच पाहतो. तरी रोजगाराच्या बाबतीत हे गाव कधी दरिद्री नव्हते. आजूबाजूला कामठी, इंदर, गोंडेगाव अशा वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या कोळशाच्या खाणी, रामटेकच्या अंगाला मनसरची मँगनीजची खाण, गावात एके काळी खंडेलवालांचा फेरोमँगनीजचा आणि ब्रूक बाँडचा चहाचा कारखाना, आणि या सगळ्यांच्या मधून जाणारी रेल्वे. एका घरातून तीन ठिकाणी तीन डबे जात, अशी घरे मी स्वतः पाहिली आहेत.

या सदराच्या वाचकांना माझ्या मेहुण्यांची ओळख आहेच. ते कोळशाच्या खाणीतून निवृत्त झाले. आपली भरती कशी झाली ते अजूनही रंगून सांगतात. सेवायोजन कार्यालयाचे कार्ड, तिथून कळवले गेलेले नाव, टपालाने आलेले बोलावणे, एका टेबलामागे बसलेले तीन साहेब, आणि पंधराव्या दिवशी हातात कागद. "मधात कोणी गोड बोललं नाही," ते म्हणतात, "पण कोणी ताटकळत बी ठेवलं नाही." यात थोडा रंग आहे हे उघड आहे. वर्षानुवर्षे ते कार्ड नुसते नूतनीकरण करून घेत बसणारे त्याही काळी हजारो होते, आणि वशिल्याचे नाव यादीत वर सरकत नसे असे कोणी शपथेवर सांगणार नाही. पण कागद यायचा, हे खरे.

तर या मेहुण्यांची मुलगी इलेक्ट्रिकलची पदविका घेऊन बाहेर पडली. एक वर्ष एका कारखान्यात शिकाऊ उमेदवारी केली. शिकाऊ उमेदवारांचा १९६१ सालचा कायदा आहे, त्यात मुदत संपल्यावर नोकरी देण्याची सक्ती मालकावर नाही. तेव्हा वर्ष संपले आणि ती प्रमाणपत्र घेऊन घरी आली. मग २०२४ च्या जूनमध्ये बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीची जाहिरात तिने पाहिली. विजेच्या यंत्रांच्या देखभालीसाठी प्रशिक्षणार्थी हवे होते. कंपनीचे नाव मी सांगणार नाही. ज्यांच्या घरात बावीस-तेवीस वर्षांचे मूल आहे, त्यांनी आपल्या अनुभवातले एखादे नाव तिथे घालून पुढे वाचावे; फारसे बिघडणार नाही.

अर्ज संगणकावरून. त्यात जी माहिती भरायची तीच माहिती असलेला कागद पुन्हा जोडायचा, हे कोडे मला अजून सुटलेले नाही. अर्ज गेल्यावर अर्ध्या मिनिटात उत्तर आले: "आमच्या परिवारात सामील होण्याच्या आपल्या इच्छेने आम्ही भारावून गेलो आहोत." माझी बहीण साधी बाई, तिने शेजारणीला सांगितले की कंपनीला आमच्या पोरीचा अर्ज फार आवडला. ते उत्तर यंत्राचे होते हे तिला समजावून सांगताना मुलीचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

मग घरी बसून द्यायची परीक्षा. उमेदवाराने संगणकासमोर बसायचे, कॅमेऱ्याने त्याच्यावर डोळा ठेवायचा, मान वळली की ताकीद. बहिणीने दीड तास दाराबाहेर पाट टाकून गल्लीतल्या पोरांना गप्प केले. परीक्षा झाली, उत्तीर्ण झाली. मग फोनवरची मुलाखत. मग कारखान्यात प्रत्यक्ष बोलावणे.

इथे भूगोल सांगितल्यावाचून गत्यंतर नाही. कन्हान नागपूरच्या उत्तरेला, बुटीबोरी दक्षिणेला. मधे सगळे शहर. पोरीने सकाळी साडेपाचला उठायचे, शेअर ऑटोने ऑटोमोटिव्ह चौक गाठायचा, तिथून मेट्रोने खापरीपर्यंत जायचे आणि पुढे बस. मेट्रोच्या दुसऱ्या टप्प्याला केंद्र सरकारने २०२२ च्या डिसेंबरात मंजुरी दिली, त्यात गाडी एका बाजूला कन्हान नदीपर्यंत आणि दुसऱ्या बाजूला बुटीबोरीपर्यंत न्यायची आहे. मेहुणे म्हणत, "सरकारनं आपल्या पोरीसाठीच लाइन आखली." ती लाइन होईपर्यंत एका खेपेला जाता-येता पाच तास जात. अशा तिच्या तीन खेपा झाल्या.

पहिल्या खेपेला नऊची वेळ दिली होती. आत बोलावले चार वाजता. मधल्या वेळात बसलेल्या चौदा जणांना पाणी होते, चहा नव्हता. आत एका साहेबांनी तांत्रिक प्रश्न बरे विचारले, हिची उत्तरेही बरी गेली. दुसऱ्या साहेबांनी विचारले, "लग्नाचं काय ठरलंय?" समान वेतनाचा १९७६ चा कायदा नोकरीत घेतानाही स्त्री-पुरुष भेद करू नये असे सांगत होता, पण मुलाखतीच्या खोलीत कायद्याला खुर्ची कुठली? मुलीने "अजून काही नाही, सर" म्हटले. तिच्या पुढच्या मुलाला हा प्रश्न विचारला नव्हता, हे तिने बाहेर येऊन त्याच्याकडून खात्री करून घेतले. पोरगी पक्की आहे.

दुसऱ्या खेपेला वेगळेच साहेब. पहिली मुलाखत झाली आहे हे त्यांना ठाऊक नव्हते. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली: वडील काय करतात, कन्हान कुठे आले, रोज येणे जमेल का. मग म्हणाले, "तुम्हाला एक असाइनमेंट देतो." एका विभागात लहानमोठ्या चाळीस मोटारी आहेत असे धरून त्यांच्या वर्षभराच्या देखभालीचे वेळापत्रक करून आणायचे. पोरीने तीन रात्री जागून ते केले. कोणत्या मोटारीच्या बेअरिंगला कधी ग्रीस द्यायचे, मेगर लावून इन्शुलेशन कधी तपासायचे, वाइंडिंगचे तापमान कुठे नोंदवायचे, कोणते सुटे भाग हाताशी ठेवायचे, १४ पाने. मेहुण्यांनी ती पाने उलटून पाहिली आणि म्हणाले, "आमच्या खाणीत असं कोणी लिहून ठेवलं असतं, त दोन पंप वाचले असते." बापाने लेकीच्या कामाला दिलेली दाद म्हणून थोडी सूट धरली, तरी ते काम होते. त्याचे वेतन कोणी देणार नव्हते.

ऑगस्टच्या अखेरीस तिसरी खेप. मूळ कागदपत्रे तपासली. वैद्यकीय तपासणी करून आणायला सांगितली, तीही आपल्या खर्चाने आणि त्यांनी सांगितलेल्याच प्रयोगशाळेत, १,८५० रुपये. आणि निघताना त्या खात्यातल्या बाई हसून म्हणाल्या, "कन्फर्म समज. दोन दिवसांत लेटर येईल."

याच आठवड्यात हिंगण्याच्या एका ट्रान्सफॉर्मर दुरुस्तीच्या कारखानदाराने तिला १४ हजारांवर बोलावले होते. माणूस रोखठोक. "आठ दिवसांत हो की नाही सांग, बाई. मला माणूस पाहिजे." तिने आठव्या दिवशी त्याला फोन करून नाही म्हणून सांगितले. मी म्हटले, "पत्र अजून हातात आलेलं नाही." त्यावर ती म्हणाली, "मामा, त्यांनी शब्द दिला, मी हो म्हटलं. आता मी कसं फिरू?" तेवीस वर्षांच्या मुलीने शब्दाला एवढे वजन द्यावे याचा मला त्या दिवशी अभिमान वाटला होता, आजही वाटतो. वजनकाटा एकाच बाजूला होता, त्याला ती काय करणार?

पत्र आले नाही. फोन केला तर पोळा होऊन जाऊ द्या. पोळा झाला, तान्हा पोळाही झाला. मग साहेब गणपतीला गावी गेले. गणपतीनंतर पितृपक्ष, या दिवसांत आमच्याकडे नेमणुकीची पत्रे काढत नाहीत, असे उत्तर मिळाले. संगणकाच्या कॅमेऱ्यातून परीक्षा घेणारी कंपनी पितृपक्ष पाळते हे ऐकून माझ्या बहिणीला उलट बरेच वाटले. "चांगली माणसं दिसतात," ती म्हणाली. मग दसरा. मग दिवाळीनंतर. त्या वर्षी दिवाळी सरली तेव्हा विधानसभेची निवडणूक समोर होती, तर बाईंनी सांगितले, "आचारसंहिता आहे ना." खासगी कारखान्याने दोन माणसे ठेवायला निवडणूक आयोगाची हरकत असते, हे मला तरी नवीन होते. त्यानंतर फोन उचलणे बंद झाले.

त्या दिवाळीत मी कन्हानला गेलो होतो. घरात फराळ होता, आकाशकंदील होता. पोरगी हसतही होती. पण फोन वाजला की चकलीच्या सोऱ्यावरचा तिचा हात थांबे. बहीण मला स्वयंपाकघरात हळूच म्हणाली, "दादा, ती रात्री दोन-दोनदा उठून फोन पाहून राहिली. एकदाचं नाही म्हणाले असते त रडून मोकळी झाली असती." मेहुणे काही बोलले नाहीत. नुसते दारात जाऊन उभे राहिले.

माझ्या ओळखीचे एक गृहस्थ मोठ्या कारखान्यात पर्सोनेल मॅनेजर म्हणून आयुष्य काढून निवृत्त झाले आहेत. त्यांना मी विचारले, की बाबा रे, दोन ओळींचे 'नाही' कळवायला आता टपालहशील पडत नाही, सायक्लोस्टाइलची शाई लागत नाही, एका कळीने दोनशे जणांना कळवता येते. मग हे का होते? त्यांनी मला घरातल्या चुलीसारखे समजावले. पहिल्या पसंतीचा उमेदवार येईलच याची खात्री नसते, म्हणून दुसरा आणि तिसरा मंद आचेवर ठेवायचे. जागेला वरून मंजुरी यायची असते, तोवर माणसे जमवून ठेवायची. कधी जागाच नसते. पण जाहिरात चालू ठेवली की कंपनी वाढते आहे असे दिसते आणि अर्जांचा साठाही होतो. कधी अर्ज गोळा करण्याचे काम एजन्सीकडे असते, आणि तिला पैसे माणूस रुजू झाल्यावर मिळतात. जो रुजू होणार नाही त्याला कळवण्यासाठी तिला कोणी पैसे देत नाही. शिवाय लेखी नकार दिला तर कारण विचारले जाईल ही धास्ती. एवढे सांगून ते थांबले आणि म्हणाले, "हे बघा, नाही म्हटलं की माणूस जातो. गप्प राहिलं की थांबतो. फुकटात थांबणारा माणूस कोणाला नको आहे?"

त्यांची दुसरी बाजूही मी ऐकून घेतली. हल्लीची मुले चार ठिकाणची पत्रे खिशात ठेवतात, रुजू होण्याच्या दिवशी पाचव्याच ठिकाणी जातात आणि फोन बंद करतात, असे ते म्हणाले. ते खोटे नाही. पण मुलाने तसे केले तर कंपनीची एक खुर्ची महिनाभर रिकामी राहते. कंपनीने केले तर एका घराची चूल थांबते. दोन्ही चुकांना एकाच मापाने मोजायला मी तयार नाही.

डिसेंबरात आम्ही मामा-भाची बुटीबोरीला गेलो. आत सोडले नाही, अपॉइंटमेंट नव्हती. फाटकावरच्या चौकीदाराने मुलीला ओळखले. तीन वेळा वहीत सही केलेली मुलगी, आणि कन्हान लिहिले होते म्हणून लक्षात राहिली. त्याची सासुरवाडी टेकाडीची निघाली. त्याने आम्हाला बाजूच्या टपरीवर नेले आणि चहा सांगितला. या कारखान्याच्या फाटकाजवळ आम्हाला मिळालेला तो पहिला चहा.

"काकाजी," तो म्हणाला, "तुम्ही कायले चकरा मारून राहिले? त्या जागेवर त माणूस लागला. ठेकेदाराचा आहे. राखीपासून येऊन राहिला."

मुलीने कप खाली ठेवला. त्या वर्षी राखीपौर्णिमा १९ ऑगस्टला होती. तिने मनाशी हिशेब केला आणि मला म्हणाली, "म्हणजे मामा, मी त्या चाळीस मोटारी लिहून काढत होते, तेव्हा तो कामावर होता?"

कंपनीने बाईमाणसाला मुद्दाम फसवले, असे मला म्हणायचे नाही. बहुधा तसे नसेलच. एका खात्याने जागा ठेकेदाराला देऊन टाकली आणि दुसऱ्या खात्याला कळवले नाही. दुसरे खाते आपल्या चाकोरीने मुलाखती घेत राहिले. कळले तेव्हा सांगायला कोणाला तोंड नव्हते. द्वेष नाही, कट नाही. पण या सगळ्या कारखान्यात खरे उत्तर एकाच माणसाकडे होते, आणि तो फाटकावर उभा होता.

माझ्या एका वकील मित्राला मी हे सगळे सांगितले. त्याने कायद्याचा जो पट माझ्यापुढे उलगडला तो मनोरंजक आहे. रिकाम्या जागा सेवायोजन कार्यालयाला कळवण्याची सक्ती करणारा कायदा १९५९ साली झाला. सरकारी संस्थांना तो लागू होता, आणि २५ किंवा अधिक माणसे असलेल्या खासगी कारखान्यांनाही लागू करता येत असे. (२०२५ च्या नोव्हेंबरात तो सामाजिक सुरक्षेच्या नव्या संहितेत विलीन झाला.) पण त्यात जागा कळवायची ती सरकारला. कार्यालयाने पाठवलेला माणूस घेतलाच पाहिजे असे बंधन नव्हते, आणि उमेदवाराला काही कळवावे असा तर त्यात विचारच नव्हता. पुढे १९९१ साली शंकरसन दाश यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की निवड यादीत नाव आले म्हणून नेमणुकीचा अबाधित हक्क मिळत नाही. मात्र सरकारला मनमानीही करता येणार नाही. आता पाहा, सरकारी यादीत नाव असलेल्याची ही गत. बुटीबोरीच्या फाटकावर 'कन्फर्म समज' या दोन शब्दांना कोण विचारतो? "साक्षीदार कोण?" वकील म्हणाला. "त्या बाई. आणि त्यांचा फोन लागत नाही."

सरकारच्या घरी उजेड आहे असेही समजू नये. २०१९ च्या मार्चमध्ये राज्यातल्या जिल्हा परिषदांच्या भरतीची जाहिरात निघाली. मुलांनी शुल्क भरले, क्लास लावले, खोल्या घेतल्या. मग निवडणुका, परीक्षा घेणाऱ्या महापोर्टलवरचा गदारोळ, मग करोना. ती भरती अखेर रद्द झाली आणि २०२३ च्या ऑगस्टात १९,४६० जागांची नवी जाहिरात आली. मधली चार वर्षे मुलांच्या वयातून वजा झाली. २०२१ च्या सप्टेंबरात आरोग्य खात्याची परीक्षा आदल्या रात्री पुढे ढकलली, तेव्हा कित्येक मुले परगावच्या केंद्राकडे निघालेली होती. पण या गोष्टी वर्तमानपत्रांत येतात, विधानसभेत विचारल्या जातात, मंत्र्याला दिलगिरी व्यक्त करावी लागते. कंपनीच्या बाबतीत विचारायचे कोठे?

अगदीच कोणी विचारत नाही असेही नाही. २०२४ च्या जूनमध्ये पुण्यातल्या 'नाइट्स' या संघटनेने केंद्रीय श्रम मंत्रालयाकडे तक्रार केली, की इन्फोसिसने २०२२ साली निवडलेल्या सुमारे दोन हजार पदवीधरांना दोन वर्षे झाली तरी रुजू करून घेतलेले नाही. दिलेले प्रत्येक पत्र पाळले जाईल असे कंपनीने जाहीर केले आणि त्या पावसाळ्याच्या अखेरीस रुजू होण्याच्या तारखाही निघू लागल्या. तिथे निदान पत्रे होती, संख्या होती आणि पुण्यात ओरडायला संघटना होती. कन्हानच्या एकट्या पोरीमागे यांपैकी काहीच नव्हते.

माझा पुतण्या कॅनडात टोरांटोला आहे. त्याच्याकडून कळले की त्यांच्या ओंटारिओ प्रांताने याच दुखण्यावर कायदा केला आहे. १ जानेवारी २०२६ पासून तिथे २५ किंवा अधिक माणसे असलेल्या मालकाने जाहीर केलेल्या जागेसाठी ज्याची मुलाखत घेतली, त्याला ४५ दिवसांच्या आत कळवायचे, की निर्णय झाला की नाही. शिवाय जाहिरातीतली जागा खरोखर रिकामी आहे का, हेही जाहिरातीतच लिहायचे. मी हे मेहुण्यांना वाचून दाखवले. ते म्हणाले, "म्हणजे तिकडे बी हेच चालू होतं." मला त्यातला कायदा दिसला, त्यांना रोग दिसला. माणूस खाणीत तीस वर्षे काढतो तो उगाच नाही.

भाचीला पुढे कामठी रोडवरच्या एका मोटार वाइंडिंगच्या दुकानात काम मिळाले. ११ हजार. हिंगण्याच्या कारखानदाराकडे तिने पुन्हा विचारून पाहिले होते. त्याने सरळ सांगितले की माणूस घेतला, जागा नाही. फोन ठेवल्यावर ती मला म्हणाली, "किती चांगला माणूस आहे न, मामा." नकार ऐकून कोणी असे म्हणालेले मी पहिल्यांदाच ऐकले.

एक गोष्ट मात्र तिने सोडली नाही. २०२५ च्या जानेवारीत तिने बुटीबोरीच्या कंपनीला एक पत्र लिहिले. साधे, नम्र, अर्ध्या पानाचे. आपण माझी निवड केली आहे किंवा नाही, एवढे एका शब्दात कळवावे; आणि आपल्या सांगण्यावरून केलेल्या वैद्यकीय तपासणीचे १,८५० रुपये, पावती सोबत जोडली आहे, परत मिळावेत. सोबत ती १४ पानेही परत मागितली होती. ई-मेल केला असता तर पुन्हा यंत्रच भारावून गेले असते, म्हणून पत्र टपालाने पाठवले, रजिस्टर करून, पोचपावतीसह. (ते रजिस्टर टपालही पुढे २०२५ सालीच स्पीड पोस्टात विलीन झाले.)

पैसे आले नाहीत. पाने आली नाहीत. बाराव्या दिवशी पोस्टमनने पोचपावतीचे कार्ड तेवढे आणून दिले. त्यावर कंपनीचा गोल शिक्का होता आणि खाली एक सही होती. मी गेलो तेव्हा मुलीने ते कार्ड माझ्यापुढे धरले. "मामा, नाव लागते का पाहा बरं कोणाचं आहे. नाव कळलं त त्याच माणसाला लिहिता येईल." मेहुण्यांनी कपाटातून भिंग काढून दिले. आम्ही तिघांनी आळीपाळीने उजेडात धरून पाहिले. सुरुवातीचे अक्षर 'र' असावे असे मला वाटले, मुलीला ते 'स' वाटले. पुढचे सगळे एक आडवी रेघ होती.